लाभ, दोन, तीन

"कोण गेलं?" दुकानदाराने हलक्या आवाजात विचारले.

 मी फक्त नऊ-नऊ फुटांचे दोन सरळ बांबू मागितले होते. पण त्या बुरूड आळीत सकाळी आठ वाजता एकटा तरुण येऊन खाली मान घालून दोन लांब बांबू मागतो, तेव्हा त्याचा एकच अर्थ होतो, हे मला ठाऊक नव्हते. मी गावात नवा होतो. ते व्यायामासाठी हवे आहेत, असे सांगण्याची मी मनात जुळवाजुळव करीत होतो. तेवढ्यात त्याने बांबू निवडले, गाठी तासल्या, काथ्याची दोरी गुंडाळून दिली आणि तिच्यावर मातीचे एक लहान मडके ठेवले.

"दोरीचं शिंकाळं घरी बांधून घ्या," तो म्हणाला. "आणि धीर धरा."

मी मान हलवली. इतक्या मायेने दिलेली वस्तू चुकीची आहे, असे सांगण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते. खांद्यावर बांबू आणि हातात मडके घेऊन मी बाजारपेठेतून निघालो, तेव्हा एक सायकलवाला खाली उतरला आणि मी पुढे जाईपर्यंत उभा राहिला. मडके मी वाटेत माझ्या खोलीवर ठेवले, टेबलाखाली, भिंतीकडे सरकवून. बांबू तेवढे पुढे नेले.

या गोष्टीला आता चौदा वर्षे झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि कोपरगावात एका ट्रस्टच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकताच लागलो होतो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी गुडघे आणि खांदे हलवून घेत असे. लोक मला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो, पण तेही मी कुणाला सांगितले नाही.

श्रावणात एक दिवस माई आढाव नानांना घेऊन आल्या. नाना सत्तरीचे. बाजार समितीत चाळीस वर्षे मापाडी होते. शेतकऱ्यांचे धान्य मोजून आडत्याच्या पदरात घालण्याचे काम त्यांचे. पाच वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन झाला होता. उजवा हात सतत थरथरे, चेहरा हलत नसे, आवाज इतका बसला होता की ऐकायला तोंडाजवळ कान न्यावा लागे. पण त्यांचे खरे दुखणे पायांत होते. चालता चालता ते मध्येच अडकत. दार आले, गल्ली अरुंद झाली, वळण आले की दोन्ही पाय जमिनीला चिकटत आणि माणूस जागच्या जागी उभा राही.

माई त्यांच्यापेक्षा बुटक्या, हडकुळ्या आणि चौपट बोलक्या. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच आपले म्हणणे मांडले. "दिवाळीपर्यंत यांना घरापासून नदीपर्यंत चालता आलं पायजे. कुणाच्या हाताला धरून नाही. स्वतःच्या पायानं."

नदीवर काय आहे, असे मी विचारले. नदीवर नदी आहे, असे त्यांनी सांगितले. दिवाळीपर्यंत जमेल का हे सांगता येणार नाही, असे मी म्हटले. त्यावर माई म्हणाल्या, "सांगता तर मलाही येत नाही. पण तू दिवाळी धर."

दोन काठ्यांच्या आधाराने चालण्याचा व्यायाम मी पुण्याला शिकलो होतो. दोन्ही हातांत काठ्या असल्या की पाठ सरळ राहते, हात पायांबरोबर झुलतात आणि पायांना विसरलेली लय पुन्हा सापडते. सुरुवातीला मात्र रुग्णाचे हात झुलतच नाहीत. तेव्हा दोन लांब काठ्या घ्यायच्या, पुढची टोके त्याने धरायची, मागची आपण, आणि मागे राहून त्याचे हात आपल्या हातांनी झुलवायचे. त्यासाठी मला ते बांबू हवे होते.

अंगणात मी बांबू ठेवले आणि माईंनी ते पाहिले. कंबरेवर हात ठेवून त्या कितीतरी वेळ हसल्या.

"बुरूड आळीतून आणले ना रं? कुणाचं नाव सांगितलंस?"

"कुणाचंच नाही," मी म्हटले.

"म्हंजे त्यानं आपल्या मनानं कुणाला तरी मारलं." मग नानांकडे वळून त्या म्हणाल्या, "चला, तुम्ही पुढं व्हा. मागचा खांदा हा देतोय."

नानांचा चेहरा हलला नाही, पण खांदे हलले. ते हसत होते.

ते उभे राहिले. मी मागे. बांबूंची टोके आमच्या चारही हातांत. मी "एक" म्हटले. त्यांची टाच उचलली गेली आणि हवेत तशीच राहिली. मी पुन्हा "एक" म्हटले. पुन्हा तेच. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी नाना काहीतरी पुटपुटले. मी बांबू खाली ठेवून त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"एक म्हणू नको. लाभ म्हण."

माईंनी मला समजावले. धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला कधी एक म्हणत नाही. तो लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. वीस झाले की एक दाणा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा लाभ. चाळीस वर्षे ज्या शब्दाबरोबर त्यांचा हात मापाकडे गेला, त्या शब्दाबरोबर आता पायही जाईल, असे त्यांना वाटत असावे.

मी लाभ म्हटले. नानांचा पाय उचलला आणि पुढे पडला. दोन. तीन. अंगणाच्या टोकापर्यंत आम्ही गेलो. माईंनी पदरातून हरभऱ्याचा एक दाणा काढून पायरीवर ठेवला.

त्या अंगणात आमच्याखेरीज आणखी एक माणूस असे. घराचा पुढचा भाग नानांच्या पुतण्याचा, सोपानचा होता. तो चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, अबोल. तोही बाजार समितीत मापाडी होता. नानांनीच त्याला ते काम शिकवले होते. रोज सकाळी तो पाण्याच्या टाकीपाशी मिश्री लावत उभा राही आणि आमच्याकडे पाही. त्याचे ओठ हलत.

"नक्कल करतोय," नाना एकदा पुटपुटले.

तीन वर्षांपूर्वी भावकीतल्या एका लग्नात नाना मंगल कार्यालयाच्या दारात अडकले होते. मागे नवरदेव, वाजंत्री, दोनशे माणसे खोळंबलेली. मुहूर्त टळत होता. सोपान पुढे आला, त्याने नानांच्या काखांत हात घातले, त्यांना उचलले आणि भिंतीशी नेऊन उभे केले. पोते हलवावे तसे. कुणीतरी हसले. मग पुष्कळ जण हसले. त्या दिवसापासून नाना आणि माई सोपानशी बोलत नव्हते. एका अंगणात, एका टाकीचे पाणी भरत, तीन वर्षे. मलाही त्याचे ते हलणारे ओठ पाहवत नसत. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहू लागलो.

भाद्रपदात मी ते लांब बांबू कापले. नानांच्या कोपरापर्यंत येतील अशा दोन काठ्या केल्या आणि टोकांना रबरी टोपणे बसवली. आता ते दोन काठ्यांनी आणि मी मोकळ्या हातांनी, चार हात मागे, असे रस्त्यावर निघालो. रबराचा दबका आवाज, माझे मोजणे आणि मागून येणाऱ्या माईंच्या पदरातले दाणे. माई वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी ऐकवीत. पेठेतल्या एकाने, म्हातारपणी कवायत कसली, असे विचारले, तेव्हा यांना सैन्यात घेतलंय, पण बंदूक मिळेपर्यंत काठी दिलीय, असे त्यांनी त्याला सांगितले.

नदीकडे जाणारी वाट जुन्या वेशीतून जात होती. वेस म्हणजे दगडी कमान, एका बैलगाडीपुरती. तिच्याखाली नाना हटकून अडकत. तिथे लाभ म्हणूनही भागत नसे. मग मी कमानीखाली रस्त्यावर चुन्याचे आडवे पट्टे मारले, एकेका पावलाच्या अंतराने. समोर ओलांडायला रेघ दिसली की अडकलेला पाय कधी कधी सुटतो. पट्टे आणि माझा आवाज, दोन्ही मिळून पंधरा दिवसांत वेस पार झाली. वेशीपलीकडे उतार, मग घाट, घाटाला लागून अमरधामची भिंत आणि भिंतीबाहेर एक चिंच. चिंचेपाशी आम्ही थांबत असू. घरापासून तिथपर्यंत माईंच्या पदरात छप्पन दाणे जमत. अकराशे वीस पावले.

घटस्थापनेच्या आसपास नाना म्हणाले की आता एकच काठी पुरे, डाव्या हातात. उजव्या हातात त्यांनी एक जुनी किटली घेतली, पाण्याने अर्धी भरून. ती न हिंदकळता न्यायची होती. थरथरत्या हाताला ओझे दिले तर थरथर जरा दबते, म्हणून मी त्याला हरकत घेतली नाही. मग चप्पल सोडून अनवाणी चालायचे ठरले. मग चिंचेभोवती तीन फेऱ्या. लोक उजवीकडून फेरी घालतात. नाना डावीकडून घालीत. वळताना त्यांचे पाय हमखास गुंतत, आणि तरी ते रोज, न चुकता, त्या तीन उलट्या फेऱ्या घालीत.

"माझी डावी बाजू कच्ची हाये," एवढेच त्यांनी मला सांगितले.

मला ते पटले. मी फार शोधक माणूस नव्हतो. मला फक्त मागे राहून मोजायला आवडत असे. कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही आणि तरी आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, असे काम मला तोवर सापडले नव्हते.

कोजागिरीनंतर माईंचे मागून येणे बंद झाले. त्या पायरीवर बसून राहू लागल्या. एका दुपारी त्यांनी मला बोलावणे धाडले. नाना आत झोपले होते. माई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे मनगट माझ्या दोन बोटांत मावले असते.

"बांबूबरोबर मडकं दिलं असंल ना रं त्यानं?" त्यांनी विचारले.

मला आधी कळलेच नाही. मग कळले. "दिलं होतं," मी म्हटले.

"फेकलंस?"

"नाही. खोलीवर आहे."

"असू दे. लागंल."

मग त्यांनी सगळे सांगितले, भाजी आणायला सांगावी त्या सुरात. त्यांच्या पोटात गाठ होती. ज्येष्ठात नगरच्या डॉक्टरांनी दिवाळी सांगितली होती. मूलबाळ नव्हते. त्या गेल्या म्हणजे विस्तवाचे मडके घेऊन तिरडीपुढे चालायला भावकी सोपानलाच उभे करणार, कारण नानांना चालता येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होते.

"त्यानं यांना भरल्या लग्नात उचललं," माई म्हणाल्या. "माझ्या पुढं त्यानं चालायचं नाही. हेच चालतील."

"नानांना माहीत आहे?"

"त्यांनीच ठरवलं. का मी ठरवलं? आता आठवत नाही बघ. एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं नाही म्हटलं नाही."

अंगणातून टाकीचा नळ बंद केल्याचा आवाज आला. माईंनी आवाज खाली आणला.

"तू मागंच राहा. वेशीत अडकले तर लाभ म्हण."

"लोकांत?"

"लोकांतच. तवा कुठं एकांत असतोय? म्हणशील ना?"

"म्हणेन," मी म्हटले.

त्यांनी माझा हात धरला नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. पदराच्या गाठीतले हरभरे त्यांनी माझ्या ओंजळीत घातले आणि आता तूच ठेवत जा म्हणाल्या.

दिवाळी गेली. माई तिच्यापुढे पाच आठवडे राहिल्या. मार्गशीर्षातल्या एका पहाटे त्या गेल्या, आणि सात वाजता सोपान माझ्या खोलीच्या दारात उभा होता.  मी टेबलाखालून मडके काढले. त्याने ते पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले.

नानांच्या पार्किन्सनच्या गोळीची वेळ मी नीट साधली. तिरडी उचलण्याआधी पाऊण तास गोळी दिली, म्हणजे वाटेत तिचा अंमल राहील. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी सोपानचे नाव काढले, तेव्हा नानांनी मान हलवून नकार दिला आणि उजवा हात पुढे केला. शिंकाळ्यातले मडके त्या हातात दिले गेले. डाव्या हातात माझी काठी. धूर थरथरत वर जाऊ लागला. उंबऱ्यापाशी ते क्षणभर थांबले आणि त्यांचे त्यांनीच ओलांडून गेले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मी तिरडीच्या बाजूने चालत होतो. माझा हात खिशात, हरभऱ्यांवर होता.

पेठ पार झाली. वेशीअलीकडे विसाव्याचा दगड आहे. तिथे तिरडी टेकवतात आणि खांदे बदलतात. मागचे पुढे आले, पुढचे मागे गेले. पुढचा डावा खांदा सोपानकडे आला. तिरडी पुन्हा उचलली आणि नाना वेशीखाली शिरले.

पट्टे नव्हते. उसाचा हंगाम सुरू झाला होता. आठ दिवस ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्या वाटेने जात होत्या आणि चुना कधीच पुसला गेला होता. माईंच्या शेवटच्या दिवसांत आम्ही त्या वाटेने गेलोच नव्हतो आणि माझ्या ते ध्यानातच आले नव्हते.

नाना थांबले. टाच उचललेली, बोटे जमिनीवर. मडक्यातला धूर सरळ झाला. त्यांच्या मागे तिरडी थांबली; तिच्यामागे साठ-सत्तर माणसे. कुणीतरी म्हणाले, तिरडी अशी थांबवू नये. कुणीतरी म्हणाले, सोपान, घे बाबा तू मडकं, किती वेळ उभं करतोस तिला. मी वेशीच्या दगडाला चिकटून उभा होतो, नानांपासून चार हातांवर. रोज असे तेवढ्याच अंतरावर.

मी तोंड उघडले. एका प्रेताशेजारी उभे राहून, तिच्या माणसांच्या देखत, लाभ असा शब्द मोठ्याने कसा उच्चारायचा? लोक काय समजतील? मी तो शब्द मनात म्हटला. पुन्हा म्हटला. नानांची टाच तशीच होती. त्यांनी मागे पाहिले नाही. मडके धरणाऱ्याने मागे पाहायचे नसते. पण त्यांची मान किंचित कलली, माझ्या बाजूला, ऐकण्यासाठी कलावी तशी. ती मान मी पाहिली. मी तिच्याकडे पाहत राहिलो.

"लाभ."

क्षणभर मला वाटले, तो शब्द माझ्याच तोंडून निघाला. पण आवाज घोगरा होता आणि खालून आला होता, तिरडीच्या बांबूखालून. नानांची टाच टेकली आणि दुसरा पाय पुढे पडला.

"दोन."

सोपानची नजर जमिनीवर होती. त्याचे ओठ हलत होते, जसे ते चार महिने रोज सकाळी टाकीपाशी हलत आले होते. तीन. चार. नाना वेशीतून बाहेर पडले. वीस झाले, पुन्हा लाभ आला. आजूबाजूच्यांनी ते ऐकले असणार.  उतार, घाट, अमरधाम. पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन नाना चितेभोवती डावीकडून फिरले आणि मागे राहून दगडाने मडक्याला भोक पाडण्याचे काम सोपानने केले. तिन्ही फेऱ्यांत तो दबक्या आवाजात मोजत होता, आणि मीही त्याच्या बाजूलाच होतो. एकदाही पाय गुंतला नाही. मडके मागे पडून फुटले आणि नानांनी मागे पाहिले नाही.

चौदाव्या दिवशी मी सकाळच्या वेळेला काठ्या घेऊन गेलो. नाना ओसरीवर, माई टेकून बसत त्या भिंतीशी बसले होते. त्यांनी काठ्यांकडे पाहिले आणि नको म्हणून मान हलवली. आता कुठे जायचेय, असे त्यांना म्हणायचे असावे. मग त्यांनी मला जवळ बोलावले. मी कान पुढे केला.

"तू मोजलंस," ते म्हणाले. "वेशीत. तिला शब्द दिला होतास. राखलास."

टाकीपाशी सोपान हात धूत होता. नानांचा आवाज तिथवर जाण्याजोगा नव्हता, पण त्याने नळ बंद केला होता.

मी मान खाली घातली. नानांना तो विनय वाटला असावा. त्यांनी थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"सोपान्या टपला होता. मडकं मिळतंय म्हणून." ते दमून थांबले. "माझं तू धर. मी भावकीला सांगून ठेवतो. आणि मोजणारं कुणी नसलं तरी तुझे पाय धड हायेत."

ते हसले, म्हणजे त्यांचे खांदे हलले. मी तेव्हाच बोलायला हवे होते. एक वाक्य होते, तेही लहान.

परत निघताना मी सोपानपाशी थांबलो. मी नानांना सांगतो, असे त्याला म्हटले.

"कधी?" त्याने विचारले.

"उद्या."

त्याने खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले आणि बरं म्हणाला. पुन्हा त्याने तो विषय कधी काढला नाही. उद्या मी गेलो. नाना झोपलेले होते. परवा गेलो, पाहुणे होते. मग मी गेलो आणि ते जागे होते, एकटे होते, आणि मी त्यांच्या गुडघ्यांचे व्यायाम घेऊन परत आलो. पौष गेला, माघ गेला. त्यांचा आवाज पार गेला, पण कान शेवटपर्यंत शाबूत होते. ही सबबही मला उरली नाही. त्यांना घास भरवायला, अंग पुसायला सोपानची बायको येई, आणि सोपान दाराबाहेर उभा राही. आत येण्याची त्याला परवानगी नव्हती. ती त्याला मिळवून देईल असे एकच वाक्य जगात होते आणि ते माझ्यापाशी होते.

आता मी पुण्यात असतो. रोज सकाळी एका बागेत दहा-बारा वृद्ध माणसे माझ्याबरोबर काठ्यांनी चालतात. मी सगळ्यांच्या मागे राहतो. मोजताना मी लाभपासून सुरुवात करतो आणि तुम्ही एक का म्हणत नाही, असे नवीन माणूस हमखास विचारतो. मी सवय आहे म्हणून सांगतो. रबरी टोपणांचा तो दबका आवाज कधी कधी माणसे थांबल्यावरही थोडा वेळ चालू राहतो. तो माझ्याखेरीज कुणाला ऐकू येत नाही.

माई गेल्यानंतरच्या चैत्रात नाना गेले. भावकी अंगणात जमली होती. हा कोण, कुठला, याच्या हातात मडके का, अशी कुजबुज झाली. मी सोपानला बाजूला घेतले आणि तुम्ही धरा, असे म्हटले.

"नानांचा शब्द हाये, डॉक्टर," तो म्हणाला. त्यानेच विस्तव भरला, त्यानेच शिंकाळ्याची गाठ तपासली आणि मडके माझ्या उजव्या हातात दिले. मग तो मागे जाऊन तिरडीखाली शिरला.

मी पुढे चाललो. अनवाणी. पेठेतली माणसे उठून उभी राहत होती. विसाव्याच्या दगडापाशी थांबलो, खांदे बदलले, आणि मी वेशीखाली आलो.

तिथे माझे पाय थांबले. मला कुठलाही आजार नव्हता. मागे वळायचे, मडके त्याच्या हातात द्यायचे आणि साठ माणसांच्या देखत सांगायचे की त्या दिवशी मी मोजले नव्हते, याने मोजले होते. एवढेच करायचे होते. नानांच्या कानांवर आता ते गेले नसते, पण सगळ्या गावाच्या गेले असते. मागे माणसे खोळंबली. कुणीतरी खाकरले. कमानीच्या सावलीत धूर सरळ वर जात होता. मागे वळून पाहायचे नसते, हे मला आठवले; फार तत्परतेने आठवले. माझी मान किंचित कलली असेल.

मागून, बांबूच्या खालून, तो घोगरा आवाज आला.

"लाभ."

मी पाऊल उचलले.